वाटसरूंसाठी बांधलेला चौक: मेहकरची धर्मशाळा

१/ लोणारचे विवर पाहायला निघालेले अनेक जण मेहकरला चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठच्या या तालुक्याच्या गावात यादवकालीन धाटणीची एक जुनी दगडी वास्तू आहे. रात्रीपुरत्या मुक्कामाला येणाऱ्या अनोळखी माणसांसाठी ती बांधली गेली, अशी तिची ओळख आहे. कुणी तिला मठ म्हणतात, कुणी धर्मशाळा. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ किल्ला पाहिला की सत्ता कुणाची होती हे कळते, मंदिर पाहिले की पूजा कुणाची होत होती हे कळते. मुक्कामाची वास्तू वेगळे दोन प्रश्न पुढे करते. परक्या माणसाच्या निवाऱ्याचा खर्च कोणी करायचा? आणि आत येण्याचा हक्क कुणाला? ही उत्तरे जशी बदलतात, तसा इमारतीचा आराखडा बदलतो. मेहकरची धर्मशाळा आणि इंग्लंडमधील जुने पब शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर हे स्पष्ट दिसते.

३/ आधी रस्ता पाहू, कारण रस्त्यावाचून धर्मशाळा असत नाही. मेहकर हे बालाघाटावरचे, म्हणजे वऱ्हाडच्या पठारावरचे जुने ठाणे. 'ऐन-इ-अकबरी'त मेहकर हा वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेला आहे. 1769 साली नागपूरकर भोसल्यांवर चाल करताना थोरल्या माधवराव पेशव्यांचा तळ येथे पडला होता. 1817 साली जनरल डव्हटन आप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध नागपूरला निघाला, तेव्हा त्यानेही येथेच मुक्काम केला. फौजा ज्या वाटेने जातात, त्याच वाटेने व्यापारी आणि यात्रेकरूही जात असतात.

४/ यात्रेकरूंना येथे यायला कारणही होते. जवळच लोणार, तेथील धारातीर्थ, दैत्यसूदनाचे मंदिर आणि सरोवराकाठची देवळे. खुद्द मेहकरची शारंगधर बालाजीची भव्य विष्णुमूर्ती 1888 साली जमिनीखालून बाहेर आली. मध्ययुगात या गावाचे धार्मिक महत्त्व किती असेल, याचा तो मोठा पुरावा आहे. शिवाय लोणारच्या सरोवरातून निघणारा खार साबणाच्या आणि काचेच्या धंद्यात वापरला जाई. देव आणि व्यापार ही दोन्ही कारणे एका गावात आली, की मुक्कामाची गरज आपोआप निर्माण होते.

५/ तेराव्या शतकातील प्रवासी रात्री कोठे झोपत असत? याचे उत्तर मराठीतच मिळते. महानुभाव पंथाचे 'लीळाचरित्र' वाचले, तर चक्रधरस्वामी आज या गावी, उद्या त्या गावी, कधी देवळात तर कधी मठात वस्ती करताना दिसतात. पुढे 'स्थानपोथी'त अनुयायांनी स्वामींच्या मुक्कामाच्या जागा दिशांसह नोंदवल्या: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मठ त्याच्या कोणत्या अंगाला आहे. आपल्या भाषेतले हे फार जुने स्थलवर्णन मुक्कामाच्या जागांचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६/ आता आत येऊ. मेहकरच्या वास्तूच्या आराखड्याचे केंद्र गाभारा नाही, चौक आहे. मध्ये आकाशाला उघडा चौरस आणि त्याच्याभोवती खांबांच्या ओळींवर तोललेल्या ओवऱ्या. मंदिरात मंडपातून आपली पावले गाभाऱ्याकडे ओढली जातात. येथे नजर मधल्या मोकळ्या जागेकडे जाते. खांब मंदिराचे, छत मंदिराचे, कारागिरीही मंदिराची. पण ती सारी देवाऐवजी माणसांच्या भोवती मांडलेली. या इमारतीची खुबी येथेच आहे.

७/ इतके खांब कशाला? उत्तर दगडात आहे. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट वरून येणारा दाब उत्तम सोसतो. पण आडवा तुळईसारखा टाकला, की त्याच्या खालच्या बाजूला ताण पडतो आणि ताण दगडाला सोसत नाही. तुळई लांब झाली तर ती मध्येच तडकते. म्हणून दोन खांबांमधले अंतर बेताचेच ठेवावे लागते, आणि मोठी जागा छताखाली घ्यायची तर खांबांचे बनच उभे करावे लागते.

८/ चार तुळयांमधला चौकोन झाकण्याची यादवकालीन युक्तीही पाहण्यासारखी आहे. चारही कोपऱ्यांवर तिरके दगड टाकायचे, म्हणजे मध्ये लहान आणि फिरलेला चौरस उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरके दगड. असे करत शेवटी उरलेले छिद्र एका शिळेने बंद करायचे. खरी कमान नाही, लाकडी आधार नाही. प्रत्येक दगड खालच्या दगडावर निव्वळ वजनाने बसलेला. या काळातील देवळांत गेलात, तर मान वर करून ही रचना जरूर शोधा.

९/ अशा वास्तूला आपण सवयीने 'हेमाडपंती' म्हणतो. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवायचे, ही तिची ठळक ओळख. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. शैली हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीपासून चालत आलेली होती. त्यामुळे 'हेमाडपंती' हा शब्द शैलीचे नाव समजावा, बांधणाऱ्याचे नव्हे.

१०/ मधला चौक केवळ शोभेचा नाही. जाड दगडी छताखाली खिडक्यांवाचून उजेड हवा, तर तो वरूनच घ्यावा लागतो. ओवरीत तीन दगड मांडून चूल पेटवली, तर धूर निघायला वाट हवी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सावलीतली जमीन गार राहते आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाते. शिवाय भोवतालच्या ओवरीत कुठेही बसले, तरी समोरचे सगळे दिसते. परक्या गावी, परक्या माणसांत झोपताना हे दिसणे फार मोलाचे असते.

११/ येथून थोडा वेळ इंग्लंडला जाऊ. 'पब' हा 'पब्लिक हाउस'चा संक्षेप, म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशा घरांचे तीन प्रकार होते: मुक्कामाची सोय असलेली 'इन', वाइन विकणारे 'टॅव्हर्न' आणि साधी घरगुती बिअर विकणारे 'एलहाउस'. आज आपण ज्यांना जुने इंग्रजी पब म्हणून ओळखतो, त्यांतील अनेक इमारती मुळात इन होत्या. धर्मशाळेचे खरे नाते आहे ते या इनशी.

१२/ ग्लॉस्टर शहरातील 'न्यू इन' हे चांगले उदाहरण. 1450 च्या सुमारास तेथील मठाने ती बांधली. मठाच्या चर्चमध्ये राजा दुसरा एडवर्ड याची कबर होती आणि तिच्या दर्शनाला लोक लांबून येत. त्यांच्यासाठी उभारलेल्या या लाकडी इमारतीच्या मधोमध उघडा चौक आहे आणि भोवती वरच्या मजल्यावर सज्जे आहेत. तीर्थ, यात्रेकरू, मठ आणि चौक: हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी एका गरजेला दिलेले उत्तर इतपत सारखे आहे.

१३/ फरक सुरू होतो तो साहित्यापासून. ओक वृक्षाचे लाकूड दाबही सोसते आणि ताणही. म्हणून लाकडी तुळई लांब टाकता येते, खांब कमी लागतात, मजल्यावर मजला चढवता येतो आणि सज्जा भिंतीच्या पुढे काढता येतो. बेसाल्टच्या धर्मशाळेचा विस्तार आडवा आहे, ओकच्या इनचा उभा. लाकडाला मात्र आगीचे भय. लंडनच्या साउथवर्कमधील टॅबर्ड या इनमधून चॉसरच्या काव्यातील यात्रेकरू कँटरबरीला निघतात. 1676 च्या आगीत ती जळाली.

१४/ दुसरा फरक पैशाचा. इन मठाने बांधलेली असली, तरी ती भाडे मिळवण्यासाठी होती. भाडे घ्यायचे तर खोली वेगळी हवी, खोलीला दार आणि दाराला कडी हवी. घोडागाडी आत घ्यायला उंच कमान हवी, तबेला हवा, तळघरात पिंपे हवीत. आणि गिऱ्हाइकाला लांबून कळावे म्हणून पाटी हवी. 1393 साली राजा दुसऱ्या रिचर्डच्या काळात बिअर विकणाऱ्यांना अशी खूण लावणे सक्तीचे झाले. लोक निरक्षर, म्हणून पाटीवर अक्षरांऐवजी चित्र: सिंह, घंटा, सूर्य.

१५/ धर्मशाळेच्या मागचा विचार वेगळा. आपल्याकडे विहीर, तळे, बाग, अन्नछत्र, वाटसरूंचा निवारा अशा लोकोपयोगी कामांना 'पूर्त' म्हटले जाई. यज्ञाला 'इष्ट', या कामांना 'पूर्त', आणि दोन्ही मिळून 'इष्टापूर्त'. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथाचा एक पूर्ण खंड दानावर आहे. अशा वास्तूत दात्याला पुण्य मिळते, पैसा नव्हे. म्हणून गल्ल्याची जागा लागत नाही, भाड्याच्या खोल्यांची रांगही लागत नाही. ओवरीच्या दोन खांबांमधली जागा, जो आधी येईल त्याची.

१६/ तिसरे उत्तर आपल्याच परिसरात आहे. बुलढाण्याच्या पश्चिमेला घाटाच्या वाटेवर अजिंठा आणि फर्दापूर येथे मोगलकालीन सराया आहेत. तेथे खर्च सत्तेचा. म्हणून उंच तटबंदी, भक्कम दरवाजा आणि तटाला आतून चिकटलेल्या कमानदार खोल्या. साम्राज्याला टपाल, खजिना आणि व्यापार सुरक्षित हवा होता. दिवेलागणीला दरवाजा बंद करता आला पाहिजे, ही तिची पहिली अट. दाता, मालक आणि बादशहा या तिघांनी परक्या माणसाकडे कसे पाहिले, हे तिन्ही आराखड्यांत वाचता येते.

१७/ खर्च करणारा नाहीसा झाला की काय होते? 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळहून नागपूरकडे निघाली. तिने घाटाखालचा सपाट प्रदेश निवडला: मलकापूर, नांदुरा, शेगाव. 1867 साली ती नागपूरला पोहोचली. 1870 साली जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला. जिल्ह्याची वर्दळ पठारावरून खाली सरकली. मेहकरला आजही रेल्वे नाही. ज्या वाटेने धर्मशाळेला अर्थ दिला होता, ती वाट हळूहळू आडबाजूची झाली.

१८/ रेल्वेने इंग्लंडमध्येही हेच केले. साउथवर्कमधली 'जॉर्ज' ही इन 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधली गेली. चौकाभोवती सज्जे असलेली लंडनमधील ही शेवटची इन. घोडागाड्या बंद पडल्यावर ती एका रेल्वे कंपनीच्या हाती गेली आणि 1889 साली कंपनीने तिच्या दोन बाजू पाडल्या. उरलेली एक बाजू 1937 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. तेथे आजही पब चालतो. जॉर्ज वाचली, याचे एक कारण तिला गिऱ्हाईक होते. मेहकरच्या धर्मशाळेला गिऱ्हाईक कधी नव्हतेच. ती टिकली ती दगडाच्या बळावर.

१९/ आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. 'सर्वांसाठी' म्हणजे कुणाकुणासाठी? व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पब पाहा. एकाच इमारतीत कामगारांचा 'पब्लिक बार' वेगळा, सुखवस्तू लोकांचा 'सलून बार' वेगळा. दोघांची दारेही वेगळी. काही ठिकाणी तर गल्ल्याच्या टेबलावर फिरत्या काचेच्या झडपा असत. वाढप्याशी बोलता यावे, पण पलीकडच्या दालनातल्या माणसाला आपला चेहरा दिसू नये, म्हणून. वर्गाची भिंत तेथे लाकडात आणि काचेत उभी होती.

२०/ मेहकरच्या ओवरीत अशा भिंती नाहीत. म्हणून तेथे भेद नव्हता, असे समजायचे का? त्यासाठी याच जिल्ह्यातील एका माणसाची आठवण पुरेशी आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांचे ते समकालीन, म्हणजे ज्या काळाची ही वास्तुशैली, साधारण त्याच काळातले. विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर असताना ती भिंत कोसळली आणि त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच, आहे.

२१/ येथे क्षणभर थांबा. गावाचे कूस ज्यांच्या श्रमांनी उभे राहत होते, त्यांना गावातल्या देवळाचा उंबरा ओलांडता येत नव्हता. ज्या समाजात देवळाचे दार बंद, त्या समाजात देवळाच्या खांबांवर उभारलेली धर्मशाळा उघडी असेल, असे मानणे कठीण आहे. इंग्रजी पबला भेदासाठी पडदा बांधावा लागला. आपल्याकडे पडद्याची गरजच नव्हती. भेद प्रत्येकाच्या मनात आधीच बांधलेला होता आणि त्याचा अवशेष कोणत्याही उत्खननात सापडत नाही. जुनी वास्तू वाचताना दिसणाऱ्या दगडाइतकेच न दिसणाऱ्या नियमांकडेही लक्ष द्यायचे, ते यासाठी.

२२/ या प्रश्नाला उत्तर दिले तेही वऱ्हाडातल्याच एका माणसाने. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. हातात खराटा, अंगावर ठिगळांचे कपडे. कीर्तनातून जमलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात देवळाबाहेर राहाव्या लागणाऱ्या वारकऱ्यांसाठी बांधलेल्या धर्मशाळेला त्यांनी नाव दिले ते चोखामेळ्याचे. 1949 साली ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

२३/ कालक्रम पाहा. विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. चोखामेळा धर्मशाळा त्याच्या कितीतरी आधीपासून उभी होती. देवाच्या दाराआधी निवाऱ्याचे दार उघडले. 'पूर्त' या जुन्या कल्पनेत दाता होता, पुण्य होते, दगड होता; पण 'सर्वांसाठी' या शब्दाचा पूर्ण अर्थ नव्हता. तो अर्थ गाडगेबाबांनी भरला, आणि त्यासाठी त्यांना कोरीव खांबांची आवश्यकता भासली नाही.

२४/ मग मेहकरच्या खांबांचे मोल कमी होते का? मुळीच नाही. एखादी कल्पना तिच्या वेळच्या मर्यादांसह दगडात टिकून राहते, तेव्हाच आपल्याला पुढचे अंतर मोजता येते. मंदिरासाठी राखलेली कारागिरी वाटसरूंच्या ओवरीला वापरावी, हा विचार त्या काळात कुणाला तरी सुचला, ही लहान गोष्ट नव्हे. आजही शेगावच्या भक्तनिवासांत रोज मुक्कामाला माणसे येतात. जिल्ह्याची ती जुनी रीत वेगळ्या रूपात चालू आहे.

२५/ लोणारला गेलात, तर मेहकरला तासभर अवश्य काढा. शारंगधराचे दर्शन घ्या, कंचनीचा महाल पाहा आणि या वास्तूच्या चौकात येऊन उभे राहा. दोन खांबांमधले अंतर पावलांनी मोजा. मान वर करून छताचे फिरते चौरस शोधा. सांध्यात चुना दिसतो का, पाहा. दगडांवर नावे कोरू नका, चुली पेटवू नका. आणि मग ओवरीत टेकून विचार करा: आठशे वर्षांपूर्वी संध्याकाळी येथे कोण कोण पोहोचले असेल, आणि दारापर्यंत येऊन कोण परत फिरले असेल?

२६/ तुमच्या गावात जुनी धर्मशाळा, सराई, मठ किंवा पाणपोई असेल, तर तिचा आराखडा कागदावर काढून पाहा. दार कोणत्या दिशेला आहे, विहीर आत की बाहेर, ओवऱ्या उघड्या की बंद, एवढे टिपले तरी पुरे. गावातल्या वयस्कर माणसांना विचारा: येथे कोण उतरत असे, आणि कोणाला उतरू देत नसत? किल्ल्यांच्या नोंदी पुष्कळ झाल्या आहेत. वाटसरूंच्या घरांची नोंद अजून बरीच व्हायची आहे, आणि ती करायला तुमची वही पुरेशी आहे.